योगा मॅटचं चिलखत

माझ्या योगा मॅटमधून विनीतची छाती कापून नेलेली होती. दुपारी नौपाड्याहून परत आले, चपला काढल्या, आणि बाल्कनीच्या दोरीवर ती जांभळी मॅट लटकताना दिसली. मधोमध भलंमोठं भोक. वर खांद्यांचे खळगे, खाली पोटाचा फुगवटा, आणि भोकातून समोरच्या विंगमध्ये कुणीतरी वाळत घातलेल्या चादरी. ती मॅट मी महिनोन्महिने उघडली नव्हती, हे खरं आहे. पण न वापरलेली वस्तूही आपलीच असते आणि ती कापण्याआधी विचारायचं असतं, एवढी साधी गोष्ट या माणसाला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळत नाही. आतून माझ्या हेअर ड्रायरचा आवाज येत होता. बेडरूमच्या फरशीवर विनीत बनियनवर मांडी घालून बसला होता, घामाघूम, आणि मॅटच्या तुकड्याला गरम वारा देऊन तो गुडघ्यावर वाकवत होता. "आलीस? दार लाव ना जरा," तो मान वर न करता म्हणाला. "वाऱ्याने चिकटवायचं सोल्यूशन पटकन सुकतं." मी विचारलं, हे काय चाललंय. "चिलखत," तो म्हणाला, जणू चहा म्हणावं तसं. "पाडव्याच्या यात्रेत मी पण जाणारे. मावळ्यांच्या पथकात."

मी हसले असते तर बरं झालं असतं. हसण्यात थोडी तरी माया असते. मला वाटली ती शुद्ध किळस, पाण्याच्या पिंपात झुरळ दिसल्यावर येते तशी. मावळा! जो माणूस दारावरची बेल वाजली की छातीवर हात ठेवतो, सोसायटीच्या आवारात पोरं चेंडू खेळत असली तर मागच्या जिन्याने वर येतो, तो मावळा. दोन वर्षांपूर्वी ठाण्यात त्याची बायपास झाली. छातीचं हाड उभं कापून, आतलं काम करून, तारेने पुन्हा बांधलं. खोकताना छातीशी धरायला हॉस्पिटलने एक छोटी उशी दिली होती. लोक ती महिना-दोन महिने वापरतात आणि मग फेकून देतात. आमच्याकडे ती अजून आहे. अभ्रे बदलून बदलून आहे. विनीत ती पोटाशी घेऊन टीव्ही बघतो, घेऊन झोपतो, आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपते. हाड जुळलंय, आता दगड मारला तरी काही होणार नाही, असं डॉक्टरांनी हसत हसत सांगितलं होतं. विनीतने त्यातलं फक्त दगड मारला एवढंच ऐकलं असावं. "आत तारा आहेत अगं," तो म्हणतो, "धक्का लागला तर?" त्या धक्क्याच्या भीतीने त्याने नोकरी सोडली, बाजार सोडला, लग्नकार्यं सोडली. शिवानी, आमची मुलगी, बंगलोरहून फोनवर मला सांगते, आई, बाबांना वेळ दे. तिला सांगायला काय जातं? वेळ माझा जातो. भाजी मी आणते, बँकेत मी जाते, गॅसवाल्याशी मी भांडते, रोज ठाण्याला ऑफिसात जाऊन येते, आणि घरी आले की एक मोठा पुरुष उशी घेऊन दाराकडे बघत बसलेला असतो.

मी मूळची नौपाड्याची. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, डोंबिवली काय, फार लांब नाही. अंतर तिने बरोबर सांगितलं होतं. बाकी काही तिला ठाऊक नव्हतं. या गावाचा मला कधी लळा लागला नाही. इथे प्रत्येकाला संस्कृती येते, प्रत्येकाला गाता येतं, प्रत्येकाची मुलगी भरतनाट्यम शिकते, आणि पाडव्याच्या सकाळी सगळं गाव फडके रोडवर स्वतःलाच बघायला जातं. नऊवारी नेसून गॉगल लावलेल्या बायका बुलेटवर बसतात. पुरुष जरीचे फेटे बांधून घाम पुसत फोटो काढतात. आमची सोसायटी वर्षानुवर्षं नुसते लेझीमवाले पाठवायची. यंदा बी विंगमधल्या ऋतुराजच्या अंगात आलं. हा ऋतुराज कुठल्याशा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी मुंबईला मोठ्या हॉलमध्ये परग्रहावरचे योद्धे वगैरे बनून फिरतो. तिशी उलटली तरी. त्याने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की भाड्याचे कपडे नकोत, आपण स्वतः फोमची चिलखतं बनवू, अगदी खरी दिसतात. त्यावर लोकांनी अंगठे दाखवले, भगवे झेंडे टाकले, आणि माझ्या नवऱ्याने, जो ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा देत नाही, लिहिलं: मी येतो.

मला ते तेव्हाच वाचायला हवं होतं. पण जानेवारीपासून माझं लक्ष दुसरीकडे होतं. टिटवाळ्याला आम्ही एक वन रूम किचन घेऊन ठेवलं होतं, म्हातारपणी भाडं येईल म्हणून. जानेवारीत ताबा मिळाला. बिल्डरने दिलेली किल्ली पितळेच्या जाड कडीत होती. घर खोक्याएवढं आणि कडी बांगडीएवढी. ती कपाटात ठेवलेली मी एका सकाळी उचलली आणि माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली. मग एकदा ऑफिसला दांडी मारून तिकडे गेले. रिकाम्या खोलीत उभी राहिले. भिंतींना नव्या रंगाचा वास, खिडकीतून अजून न बांधलेल्या इमारतींचे लोखंडी गज, आणि कुणी नाही. कुणाच्या श्वासाचा हिशेब ठेवायचा नाही, भांडं पडलं तर कुणी दचकणार नाही. मी तिथे मुद्दाम मोठ्याने खोकले. मग पाडवा हा दिवस ठरवला. पाडव्याला संध्याकाळी गुढी उतरवली की त्याला सांगायचं, मी टिटवाळ्याला राहायला जाते आहे. भांडण नाही, कागदपत्रं नाहीत, नुसती जाते आहे. सणाचा दिवस का निवडला? कारण सणाचा त्यालाही काही फरक पडत नव्हता. असं मला वाटत होतं.

पहिलं चिलखत अर्थात फसलं. रद्दीच्या पेपरवर अंदाजाने आकार काढून त्याने माझी मॅट कापली होती. वर चढवलं तर काखेत रुतायला लागलं, मान वळेना, आणि बसला की खालची कड पोटात घुसून वरची हनुवटीला लागली. उलट्या कासवासारखा तो सोफ्यावर अडकला. मी स्वयंपाकघरातून बघत होते आणि मला त्याला उठवायला जावंसं वाटलं नाही. ऋतुराज आला तो हसायलाच लागला. "काका, असं नाय होत," तो म्हणाला. "बॉडीचा साचा घ्यायला लागतो. जुना टी-शर्ट घाला, वरून किचनमधली प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळायची, त्याच्यावर टेप. मग मार्करने लाइन मारायच्या आणि कापून काढायचं. परफेक्ट बसतं." तो टेप घेऊन पुढे झाला तसा विनीत मागे सरकला, भिंतीला टेकला, आणि हात छातीवर. "नको नको, तू नको," तो म्हणाला. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. ऋतुराजला लगेच कसलासा फोन आला आणि तो निघून गेला. अशा पोरांना फोन नेमका वेळेवर येतो.

म्हणून मी माझ्या नवऱ्याला पोळ्या गुंडाळायच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. तो हॉलच्या मधोमध हात थोडे वर धरून उभा, आणि मी त्याच्याभोवती फिरते आहे. प्लास्टिक चरचरत होतं. त्याच्या अंगाला बाम आणि जुन्या कापसाचा वास येत होता, तो ऑपरेशनच्या आधी येत नव्हता. ऑपरेशननंतर मी त्याला असा हात लावला नव्हता. सुरुवातीला त्याला दुखायचं म्हणून, मग तो दचकायचा म्हणून, आणि मग मला नकोसं झालं म्हणून. टेपचे पट्टे एकावर एक लावत वर गेले तेव्हा टी-शर्टच्या गळ्यातून व्रणाचं वरचं टोक दिसलं, गुलाबी, गांडुळासारखं. मला दया यायला हवी होती. मला राग आला, की एवढ्याशा रेघेने आख्खा माणूस खाल्ला. "श्वास सोड," मी म्हटलं. "सोडलाय," तो म्हणाला. सोडला नव्हता. टेपखाली त्याचं काळीज उडत होतं, माझ्या बोटांना सरळ लागत होतं. मी मार्करने खांद्यावरून काखेपर्यंत रेघ ओढली आणि कात्री घेऊन बगलेतून कापायला लागले तेव्हा त्याने डोळे घट्ट मिटले. एका क्षणी वाटलं, कात्रीचं टोक जरा टोचावं. नुसतं बघायला, की हा ओरडतो का. टोचलं नाही. साचा अंगावरून निघाला आणि टेबलावर उभा राहिला, मधून पोकळ, विनीतच्याच आकाराचा, आणि खरं सांगते, त्याच्यापेक्षा जास्त ताठ.

पुढचे दिवस घरभर फोमचा चुरा. जेवणात तो, गादीवर तो. त्या साच्यावरून त्याने नव्याने तुकडे कापले, माझ्या उरलेल्या मॅटचे आणि ऋतुराजने दिलेल्या काळ्या शीटचे. आतून जुन्या गोधडीचं अस्तर लावलं, घाम टिपावा आणि कड लागू नये म्हणून. खांद्यांवरचे पट्टे रुंद घेतले, वजन मानेवर येऊ नये म्हणून. हे सगळं तो मला जेवताना सांगायचा. इतक्या महिन्यांत हा माणूस माझ्याशी काही बोलला तर ते फोमबद्दल. ऋतुराजने पोटावर स्नायूंचे सहा गोळे काढून दिले होते, कुठल्याशा परदेशी शिपायाला असतात तसे. मावळ्यांना असे गोळे कुठून आले, मी विचारलं. "सगळ्यांनाच काढलेत," विनीत म्हणाला. दोन गोष्टी मात्र त्याने स्वतःच्या डोक्याने केल्या आणि दोन्ही चुकल्या. ऋतुराज सांगत होता की पुढचा आणि मागचा भाग बगलेत जोडा, म्हणजे क्लिपा आपल्या आपल्याला लावता येतात. विनीतला बरगड्यांवर फट नको होती. त्याने पुढचा भाग थेट पाठीपर्यंत वळवून नेला आणि दप्तराच्या क्लिपा मागे, मणक्याच्या दोन्ही बाजूंना बसवल्या. तिथे हात पोचतो का कुणाचा? आणि दुसरं म्हणजे त्याने आधी रंग मारला. चंदेरी, चकाचक, दोन हात. आणि रंग वाळल्यावर त्याच्यावर क्लिपांचे पट्टे चिकटवले. मी बघत होते. मला शिवणातलं कळतं, चिकटवण्यातलं कळत नाही, पण भिंतीवर रंगावर चिकटवलेलं कॅलेंडर रंगासकट खाली येतं हे मोलकरणीलाही माहीत असतं. त्याला ते चिलखत लवकर चिलखत दिसायला हवं होतं. हा सबंध माणूस मला त्या रंगात दिसला. पडू दे, मनातच म्हटलं. रस्त्यात पडू दे.

पाडव्याला सकाळी गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला, आणि मी त्याच्या मागे उभी राहून क्लिपा लावल्या. टक्. टक्. "घट्ट नको," तो म्हणाला, "हात वर करून बघतो." ऋतुराजने शिकवल्याप्रमाणे तो बसला, वाकला, मान वळवली, पाणी प्यायला. वरून पाठीवर भगवा शेला. पायात पांढरे स्पोर्ट शूज. "तू येशील ना मागून?" त्याने विचारलं. "क्लिप सुटली तर." गर्दीत मला जायचं नव्हतं, पण तो पडताना बघायची इच्छा मी नाकारणार नाही. पर्स खांद्याला लावली आणि गेले.

फडके रोडवर जे असतं ते होतं. ढोल, धूर, अत्तर, फुटलेल्या नारळाचं पाणी, आणि पायाखाली पाकळ्यांचा चिखल. ऋतुराजची फौज चंदेरी पोटं पुढे काढून उभी. मी विनीतच्या मागे दोन हातांवर होते. मला वाटत होतं, आता वळेल. रिक्षा बोलवेल. पण तो शिरला. सरळ माणसांत शिरला. एका पोराची कोपरखिळी त्याच्या छातीवर बसली, ठप्प असा पोकळ आवाज झाला, आणि विनीत थांबला, खाली स्वतःच्या छातीकडे बघितलं, आणि पुढे गेला. मग कुणी झेंड्याची काठी लावली. कुणी खांद्याने ढकललं. ऋतुराजने "काकाऽ" म्हणून मिठी मारली आणि पाठीवर धाडधाड थापा मारल्या. विनीत हसला. त्याचे दोन्ही हात खाली होते, मोकळे, चालताना हलत होते. मला आठवेना की याआधी मी त्याचा डावा हात असा हलताना कधी पाहिला होता. तेव्हा मला कळलं की याला मावळ्या-बिवळ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. अंगावर चिलखत घालून घराबाहेर पडलं तर कुणी का म्हणून विचारत नाही असा वर्षातला एकच दिवस या गावात असतो, आणि तो त्याने हेरला होता. काय ही युक्ती! उशी सोडवेना म्हणून उशीला चंदेरी रंग दिला. मला त्याची जास्तच कीव आली, आणि कीव काही प्रेम नसते.

वळणावर व्हायचं ते झालं. क्लिपेचा डावा पट्टा रंगाचा पापुद्रा घेऊन सोलून निघाला. पाठीमागचा भाग लोंबायला लागला, पुढचा छातीवरून सुटून एका बाजूला आला, आणि विनीत जागच्या जागी थिजला. दोन्ही हात छातीवर आवळून. मागून लेझीमचं पथक येत होतं, बाजूला दोरी धरलेले स्वयंसेवक ओरडत होते, "काका, चला, थांबू नका!" तो हलेना. तोंड पांढरंफटक. मान न वळवता तो म्हणाला, "तू आहेस ना गं मागे?" हेच तर मला बघायचं होतं. मी आठवडाभर याची वाट बघितली होती. आणि ते बघायला मला जेमतेम एक श्वास मिळाला. हात आपले आपण पर्समध्ये गेले, पिनेसाठी, दोऱ्यासाठी, काहीही, आणि आतल्या कप्प्यात ती जाड कडी बोटाला लागली. किल्लीच्या दात्याने मी फोमला भोक पाडलं. सहज पडलं. पितळी कडी उकलून आधी फोममधून घातली, मग सुटलेल्या पट्ट्याच्या टोकाला शिवलेल्या प्लास्टिकच्या कानातून, आणि वळवली. नख तुटलं. किल्ली कडीतच राहिली. "चल," मी म्हटलं. "धरलंय का तू?" "बसवलंय. चल, म्हणते ना!" तो चालला. शेल्याखाली, त्याच्या पाठीवर, टिटवाळ्याच्या घराची किल्ली चालताना हलत होती आणि माझी नजर दुसरीकडे जाईना. काढून घ्यायला हवी, काढून घ्यायला हवी, एवढंच डोक्यात. पण काढली की तो पुन्हा उभा राहणार. तसंच शेवटपर्यंत गेलो.

घरी आल्यावर मी पंखा लावला आणि घाईने त्याच्या पाठीमागे गेले. "थांब, मी काढते." पण तो म्हणाला, "बघू, थांब जरा," आणि त्याने उजवीकडची क्लिप तशीच ठेवून खांदे आत घेतले, दोन्ही हात डोक्यावर सरळ वर नेले, आणि स्वेटर काढावा तसं ते चिलखत डोक्यावरून ओढून काढलं. कडीमुळे डावीकडे ढील मिळाली होती. बनियन घामाने अंगाला चिकटलेली. हात कितीतरी वेळ वर होते. मग त्याने चिलखत उलटं केलं आणि किल्ली बघितली.

"टिटवाळ्याची," तो म्हणाला.

मी म्हटलं, "पर्समध्ये होती."

"माहितीये. जानेवारीत कपाटात नव्हती तेव्हाच कळलं." तो पट्ट्याचा सोललेला भाग अंगठ्याने दाबून बघत होता. "म्हटलं, तू गेल्यावर भाजी आणायला तरी मला जमलं पाहिजे ना. स्टेशनपर्यंत तरी. म्हणून हे केलं. रोज शर्टाच्या आतून घालता येईल, पोटाचे गोळे काढून टाकले तर."

मला खूप राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. "मग क्लिपा पाठीवर कशाला लावल्यास?" मी ओरडले. "मी गेल्यावर मागून कोण लावणार होतं तुला? कोण? एवढं साधं कळत नाही?"

तो खरोखर विचारात पडला. "ते नंतर लक्षात आलं," तो म्हणाला. "सोल्यूशन वाळल्यावर."

खाली अजून ढोल चालू होते. त्याने नखाने कडी उकलायला घेतली. त्याला वेळ लागत होता आणि मी हात पुढे केला नाही. किल्ली सुटली तशी त्याने ती बनियनला पुसली आणि माझ्यासमोर धरली. त्याचा दुसरा हात चिलखतावर होता. छाती मोकळी होती आणि त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"ही घे," तो म्हणाला. "कडी तेवढी राहू दे इथे. कडीमुळे डोक्यावरून निघतं. मला एकट्याला घालता येईल."

मी किल्ली घेतली. इवलीशी होती, गरम होती, आणि कडीशिवाय ती कुठे अडकवायची ते मला समजेना.